ताक, टाक आणि दहावा महिना

'ताक टाक' असं एकदा मोठ्याने म्हणून बघा. त म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ट म्हणताना तिचं टोक मागे वळून टाळूला लागतं. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण इंग्रजीच ऐकत वाढलेल्या माणसाला हे दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्याला म्हणता येत नाहीत हे वेगळंच. त्याला फरक ऐकूच येत नाही, ही खरी गोम.

मग हा फरक आपण शिकलो कधी? कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेलं उत्तर उलटंच निघालं. त्यांनी तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. स्पीकरवर एकच अक्षर सारखं वाजत राहतं. ते बदललं की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून हलू लागतं. एकदा हे ध्यानात आलं की अक्षर बदलताच बाळ खेळण्याआधीच मान वळवतं. बोलता न येणाऱ्याची तोंडी परीक्षा घ्यायची ही युक्ती मला फार आवडते.

इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना. हिंदी घरांतली बाळं वर्षाची होत आली तरी मान वळवतच होती. म्हणजे त-ट आपण शिकलो असं म्हणण्यापेक्षा आपण ते गमावले नाहीत, असं म्हणायला हवं. ज्या फरकाने घरातल्या बोलण्यात अर्थ बदलत नाही, तिकडे मेंदू काणाडोळा करू लागतो. आणि हे सगळं पहिला शब्द नीट फुटायच्या आधीच!

'चार' आणि 'चारा' यांतले दोन च लिहिताना सारखेच, तरी मराठी पोराला ते कुणी समजावून सांगत नाही. ते कानांनी आधीच टिपलेले असतात.

नुसता आवाज कानावर पडून मात्र भागत नाही. अमेरिकेत सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत मँडरिन चिनी ऐकवली. समोर बसून माणूस खेळला, बोलला, तेव्हा बाळांचे कान त्या भाषेतल्या फरकांना तयार झाले. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तर काहीच फरक पडला नाही.