मुंबईत टू बीएचके भाड्याने: तुम्ही भाडेकरू की लायसन्सी?

अंधेरीत किंवा मुलुंडला टू बीएचके भाड्याने घेतला की सोसायटीपासून वॉचमनपर्यंत सगळे आपल्याला भाडेकरूच म्हणतात. पण ब्रोकरने पाठवलेली ॲग्रीमेंटची पीडीएफ उघडून बघा. वर ठळक अक्षरांत 'लीव्ह अँड लायसन्स', दरमहा भरायच्या रकमेला 'लायसन्स फी', आणि पुढे कुठेतरी एक कलम: या करारामुळे जागेत भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. गिरगावच्या चाळीत तीन पिढ्या भाडेपावतीवर राहणारं कुटुंब कायद्याच्या लेखी भाडेकरू. तुम्ही लायसन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरते राहणारे.

चाळीतल्या भाडेकरूचं बळ १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातून आलं. त्या कायद्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं १९४० च्या पातळीवर गोठवलं आणि सबळ कारण कोर्टात सिद्ध केल्याशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येईना. तो वारला तर सोबत राहणाऱ्या घरच्यांकडे हक्क जातो. मग मालकांनी लायसन्सची पळवाट शोधली. तीही फार दिवस टिकली नाही: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्यात दुरुस्ती करून थेट भाडेकरू मानलं गेलं. मुदत संपल्यावर 'अजून दोन महिने राहू का?' विचारलं की आजही मालकाच्या कपाळावर आठ्या चढतात, त्याचं मूळ इथे आहे. त्याला उगाच खडूस म्हणू नका.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे १९९९ च्या कायद्याने, मालकांची ही भीती बरीच घालवली. कलम २४ नुसार मुदत संपली की लायसन्सीने जागा सोडायची. अडून बसला तर नेहमीच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायची गरज नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आणि मुदतीनंतर जितका काळ राहिला, त्यासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्याच कायद्यात जुन्या भाडेकरूचं भाडं मात्र वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतं. एकाच गल्लीत दोन घरांची दोन वेगळी जगं.

लायसन्सीने सगळ्यात जास्त जपावं ते फ्लॅट विकला जाण्याला. भाडेकरू असलेली जागा विकली तर नवा मालक भाडेकरूसकट ती घेतो. लायसन्सचं तसं नाही. परवानगी दिली जुन्या मालकाने, नवा तिला बांधील नाही. मग तुमचं तीन लाखांचं डिपॉझिट जुन्या मालकाकडून सोडवत बसायचं. म्हणून विक्री झाल्यास किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिट कोण, कधी देणार, हे ॲग्रीमेंटमध्ये आधीच घालून घ्या. लॉक-इनवर, म्हणजे ठरावीक महिने करार मोडता न येण्याच्या अटीवर, तासभर घासाघीस करणारे लोक या ओळीकडे बघतही नाहीत.

अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज इतर राज्यांतून आलेला. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. उलटं सिद्ध करायचं मालकाने. खर्चही डोळे पांढरे करणारा नाही. दरमहा ५० हजार, डिपॉझिट ३ लाख, मुदत दोन वर्षं धरा: भाड्याचे १२ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले ६० हजार, या बेरजेच्या पाव टक्का म्हणजे ३,१५० रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. घरी येऊन अंगठा आणि फोटो घेणाऱ्या एजंटचे पैसे वेगळे.

'हेवी डिपॉझिट, भाडं नाही' अशी ऑफर आली तरी कागद बहुधा लीव्ह अँड लायसन्सचाच असतो. मोठी रक्कम दिली म्हणून पागडीसारखा, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाडेकरूपणासारखा, हक्क मिळत नाही. फक्त मालकाकडे अडकलेला पैसा वाढतो, आणि विक्रीचं ते कलम तितकंच जास्त महत्त्वाचं होतं.