पाण्याला वाट, प्रोटॉनला मज्जाव

गेल्या आठवड्यात एका नातेवाइकांनी मला पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाहिरात पाठवली आणि खाली विचारलं, "हे खरं आहे का?" जाहिरातीचं म्हणणं असं, की साध्या पाण्याचे रेणू मोठमोठ्या घोळक्यांनी राहतात, म्हणून ते पेशीत नीट शिरत नाहीत. हे यंत्र त्या घोळक्यांचे बारीक तुकडे करतं आणि मग पाणी थेट पेशीत मुरतं. "नाही" एवढं एका शब्दात कळवता आलं असतं. पण पाणी पेशीत शिरतं कसं, हा प्रकार इतका सुंदर आहे की सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पेशीपटल हे निवडक्षम पारपटल असतं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. हे पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर. जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर, आणि आतला भाग तेलकट. ऑक्सिजन त्यातून सहज जातो. सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज यांना मात्र ते तेल ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनं बसवलेली असतात. त्यातली काही पंपाचं काम करतात. सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च करून 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. काही प्रथिनं नुसत्या वाहिन्या असतात, म्हणजे ऊर्जा न खर्चता उताराकडे, जास्त प्रमाणाकडून कमीकडे, जाऊ देणाऱ्या वाटा.

पाण्याचं काय? पाणी मेदाच्या थरातूनही थोडंफार झिरपतं, म्हणून त्याला वेगळी वाहिनी कशाला हवी, असं बराच काळ मानलं जात होतं. पण तांबड्या रक्तपेशींत पाणी ज्या झपाट्याने ये-जा करतं, त्याचा हिशोब नुसत्या झिरपण्याने लागत नव्हता. शिवाय पाऱ्याचे क्षार घातले की तो वेग एकदम मंदावायचा. पारा प्रथिनांना चिकटतो, तेव्हा संशय प्रथिनावरच होता. फक्त ते प्रथिन सापडत नव्हतं.

ते सापडलं दुसरंच काही शोधताना. अमेरिकेत बाल्टिमोर इथे पीटर आग्रे आणि त्यांचे सहकारी रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणाऱ्या आर-एच घटकाचं प्रथिन वेगळं करत होते, आणि प्रत्येक वेळी त्यासोबत एक अनोळखी प्रथिन येत होतं. ते पाण्याची वाहिनी असेल का, हे तपासायला त्यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकाची अंडी घेतली. ही अंडी गोड्या पाण्यात फुगत नाहीत, कारण त्यांचं पटल पाण्याला फारशी दाद देत नाही. काही अंड्यांत या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवण्याची कृती सांगणारा रेणू, टोचला, काहींत नाही, आणि मग सगळी अंडी विरळ द्रावणात ठेवली. न टोचलेली अंडी जवळपास होती तशीच राहिली. टोचलेली फुगत गेली आणि काही मिनिटांत फुटली. हा प्रयोग 1992 साली प्रसिद्ध झाला. प्रथिनाला 'अ‍ॅक्वापोरिन' हे नाव मिळालं आणि 2003 साली आग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. या वाहिनीचा सर्वांत अरुंद भाग सुमारे 0.28 नॅनोमीटर रुंद आहे. पाण्याचा रेणूही जवळपास तेवढाच. म्हणजे रेणूंनी एकामागोमाग एक, एकेरी रांगेतच जायचं. तरीही एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे 300 कोटी रेणू पार होतात!

पण या रांगेत एक मोठा धोका आहे. प्रोटॉन म्हणजे आम्लता ठरवणारा हायड्रोजनचा धन आयन. पाण्यात तो स्वतः धावत नाही, हातोहात पुढे जातो. एका रेणूने जादा प्रोटॉन शेजाऱ्याला दिला की शेजारी आपल्याकडचा एक पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. रेणू जागच्या जागी आणि प्रभार पार पलीकडे. एकमेकांचा हात धरलेली पाण्याची रांग म्हणजे प्रोटॉनसाठी तयार तारच. ती तार अखंड राहिली तर पेशीच्या आतली आम्लता बिघडेल. मग पाणी जाऊ द्यायचं आणि प्रोटॉन अडवायचा कसा? आकाराची चाळणी इथे कामाची नाही, कारण प्रोटॉन पाण्यावरच स्वार असतो.

वाहिनीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी आलेली प्रथिनाची दोन आखूड सर्पिलं एकमेकांना भिडतात. तिथे अस्पॅराजीन या अमिनो आम्लाच्या दोन शाखा पुढे आलेल्या असतात. पाण्याचा रेणू तिथवर येतो तो ऑक्सिजन पुढे करून. मध्यावर त्या दोन शाखा त्याच्या ऑक्सिजनला धरतात, आणि पलीकडे निघताना रेणू उलटा फिरलेला असतो, ऑक्सिजन पुन्हा मध्याकडेच. मधल्या रेणूचा ऑक्सिजन असा दोन्हीकडून अडकला की शेजाऱ्याकडून प्रोटॉन घ्यायला त्याला जागाच उरत नाही. साखळी तिथे तुटते. त्याशिवाय सर्पिलांची भिडलेली टोकं अंशतः धनप्रभारित असतात, आणि अरुंद भागात आर्जिनीन हे धनप्रभारित अमिनो आम्ल बसलेलं असतं. प्रोटॉनही धन, त्यामुळे तो मागे ढकलला जातो. सुरुवातीला रेणूच्या उलटण्याला जास्त श्रेय दिलं गेलं. पुढे संगणकावर केलेल्या गणितांतून विजेच्या या ढकलण्याचा वाटा मोठा दिसला. प्रथिनातल्या मोजक्या अणूंची जागा नेमकी असल्यामुळे हे सारं घडतं, हे वाचताना मला दरवेळी थांबावंसं वाटतं.

आता जाहिरातीकडे. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात हे खरं, पण ते बंध एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात आणि नव्याने जुळतात. बाटलीत भरून ठेवता येईल असा 'लहान घोळका' नसतोच. आणि असता तरी वाहिनीच्या तोंडाशी त्याला एकेक रेणू होऊनच आत जावं लागलं असतं. विज्ञानाचे चार शब्द पेरून घाबरलेल्या माणसाला यंत्र विकणं मला अंधश्रद्धेच्या धंद्याहून वेगळं वाटत नाही.

शरीरात पाण्याची खरी अडचण होते ती या वाहिन्याच बिघडल्या तर. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं बहुतेक पाणी परत घेतात. शेवटच्या टप्प्यातल्या नलिकांच्या पेशींत अ‍ॅक्वापोरिन-2 चा साठा बारीक पिशव्यांत तयार असतो. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक येतं, पिशव्या पटलाला जाऊन मिळतात, वाहिन्या पटलात बसतात आणि पाणी परत रक्तात ओढलं जातं. या प्रथिनाच्या जनुकात जन्मतः दोष असलेली काही माणसं आहेत. त्यांना दिवसाला दहा-बारा लिटर लघवी होऊ शकते, ती पाण्यासारखी फिकट असते, आणि तहान रात्रीही झोपू देत नाही.