शुक्रवारी दुखणारं पोट

आमच्या शेजारची सातवीतली मुलगी दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसायची. पाठीवर दप्तर, पायाशी कपड्यांची पिशवी. आईचं घर इथे फोंड्यात, बाबा म्हापशाला. कोर्टात ठरल्याप्रमाणे शनिवार-रविवार तिकडे. गेल्या पावसाळ्यापासून शुक्रवारी दुपार झाली की तिच्या पोटात दुखू लागतं, नेमकं बेंबीभोवती. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आई म्हणते, "जायचं नसतं म्हणून नाटकं." बाबा म्हणतात, "तिकडे काहीबाही खाते." आजीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. या तिघांपैकी कोणाचंच म्हणणं मला पटत नाही. त्या मुलीचं पोट खरंच दुखतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका जाणवला की तो सीआरएच नावाचं रसायन सोडतो. ४१ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी १९८१ मध्ये वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळी काढून ओळखली. सीआरएच शेजारच्या पीयूषिका ग्रंथीला जागं करतं, पीयूषिका रक्तातून मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडते आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं. रक्तातली साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं. इथवर अकरावी-बारावीच्या पुस्तकांतही सापडेल.

मला या गोष्टीचं वेड लागलं ते याच्या पुढच्या भागासाठी. सीआरएच फक्त कॉर्टिसॉलची साखळी सुरू करून थांबत नाही, पचनसंस्थेवरही त्याचा अंमल चालतो. त्याला ओळखणारी ग्राहके, म्हणजे पेशींवरची कुलपं, दोन प्रकारची असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की दुसऱ्या प्रकारच्या कुलपात ही किल्ली फिरली की जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो. पहिल्या प्रकारच्या कुलपात फिरली की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि आतड्याला ताण अधिक दुखरा वाटू लागतो. एकाच वेळी वर अडकलेलं आणि खाली घाईला आलेलं. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही आणि तरी संडासकडे धाव घ्यावी लागते, हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी आहेत आणि व्हेगस चेता त्यांच्या बातम्या मेंदूला पोचवत असते. या चेतापेशी जास्त हळव्या झाल्या की एरवी जाणवलाही नसता असा वायूचा फुगाही कळ होऊन येतो. सोनोग्राफीत काही दिसत नाही, कारण अवयव धडधाकट असतो. बिघडलेली असते ती त्याच्या संवेदनेची पातळी. ब्रिस्टलच्या जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा दर दहांतल्या साधारण एकाला असं वारंवार दुखणं होतं आणि बहुतेकांत शारीरिक रोग सापडला नाही. (मात्र वजन घटत असेल, शौचात रक्त असेल, ताप असेल किंवा दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, तर आधी डॉक्टर. ताणाचा निष्कर्ष त्यानंतर.)

ही सगळी यंत्रणा बंदही व्हायला हवी ना? होते. रक्तातून फिरून मेंदूत पोचलेलं कॉर्टिसॉलच हायपोथॅलॅमसला सांगतं, पुरे आता. मुलाच्या बाबतीत याला आणखी एक मदत असते, विश्वासाचं माणूस. लहान मुलांना लस टोचताना आई-बाबा जवळ असले आणि त्यांच्याशी मुलाचं नातं सुरक्षित असलं, तर कॉर्टिसॉल कमी चढतं, हे मेगन गनार यांच्या संशोधनाने दाखवलं. म्हणजे मूल मोठ्या माणसाच्या मज्जासंस्थेला टेकून आपली मज्जासंस्था शांत करतं. आता विचार करा, ज्या दोघांना टेकायचं तेच दोघे फाटकात उभे राहून एकमेकांवर ओरडत असतील, तर धोक्याची घंटा बंद करणारा हात कोणाचा?

"लहान आहे, त्याला काय कळतंय" असं म्हणणाऱ्यांना एक प्रयोग सांगावासा वाटतो. ओरेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना रागावलेला आवाज ऐकवला आणि एमआरआयने मेंदू पाहिला. ज्या घरांत आई-बाबांची भांडणं जास्त, त्या बाळांच्या मेंदूतले ताणाशी निगडित भाग त्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते. त्यात हायपोथॅलॅमसही होता.

म्हणून मला "घटस्फोटाने मुलं बरबाद होतात" हे वाक्य खटकतं. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ मध्ये ९२ अभ्यास एकत्र करून पाहिले. घटस्फोटित घरांतल्या मुलांची अवस्था सरासरीने थोडी वाईट निघाली, पण फरक लहान होता. आणि एकत्र राहून सतत भांडणाऱ्या पालकांची मुलंही बरी नव्हती. विभक्त होण्यापेक्षा मुलापुढे चालणारा तंटा आतड्यापर्यंत पोचतो, असं माझं मत या आकड्यांनी पक्कं केलं. गोव्याला घटस्फोटाचा कायदा नवा नाही. १९१० चा पोर्तुगीज कायदा इथे आला, बाकी देशातल्या बहुतेक हिंदूंना १९५५ ची वाट पाहावी लागली. पण कायदा मुलाचे वार वाटून देतो. पोरीला फाटकात सोडताना काय बोलायचं नाही, हे त्यात लिहिलेलं नसतं.

दृष्ट काढून अंगण धुरकटतं, सीआरएच थांबत नाही. आजीचा जीव तुटतो हे खरं आहे, पण "कुणाची तरी नजर लागली" हे उत्तर मुलीला आणखी एक भीती देतं. तसंच मोबाईलवर फिरणाऱ्या "कॉर्टिसॉल कमी करा" म्हणणाऱ्या चूर्णांचं. कॉर्टिसॉल सकाळी उठायला लागतं, ते विष नव्हे.

अ‍ॅरिझोनात २४० घटस्फोटित कुटुंबांवर केलेल्या प्रयोगात आयांना मुलाचं ऐकून घेणं, न चिडता शिस्त लावणं आणि भांडणापासून मुलाला दूर ठेवणं शिकवलं होतं. सहा वर्षांनंतरही त्या मुलांना मानसिक विकार कमी आढळले. यातलं काहीही फोंड्यात करता येण्याजोगं आहे. गरज पडली तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, फुकट बोलता येतं, बांबोळीला मानसोपचार संस्थाही आहे.

आमच्या शेजारणीने एवढंच केलं. शुक्रवारी मुलीला घरून न पाठवता बाबांनी शाळेच्या गेटवरूनच न्यायचं ठरवलं, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. म्हापशाच्या घरी तिचा दुसरा दातांचा ब्रश, दुसरी चादर आणि गणिताची दुसरी वही आली. पिशवी आता उचलावी लागत नाही. "तुझ्यामुळे नाही झालं हे," हे आईने तिला दोनदा सांगितलं, बाबांनी एकदा. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला ती इथे होती, विसर्जनाला तिकडे.

मागच्या शुक्रवारी पोट दुखलंच, पण अर्धा तास. नंतर भेटली तेव्हा तिने स्वतःच पोटावर हात ठेवून मला विचारलं, "सर्किट अजून बंद नाही झालं का, टीचर?"