मयत इसम हजर

१६ ऑगस्ट १६६० ला इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्डेन गावचा कारभारी विल्यम हॅरिसन खंडाची वसुली करायला चॅरिंगवर्थकडे पायी निघाला. वय सत्तर, अंतर जेमतेम दोन मैल. रात्र पडली तरी परतला नाही, म्हणून बायकोने जॉन पेरी या नोकराला शोधायला धाडलं. तोही रात्रभर आला नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर हॅरिसनच्या तीन वस्तू सापडल्या: चिरलेली टोपी, रक्ताचे डाग पडलेली गळपट्टी आणि एक कंगवा. प्रेत नव्हतं.

संशय जॉनवर गेला. कोठडीत त्याने एकामागून एक कहाण्या सांगितल्या आणि शेवटी म्हणाला, माझ्या आईने आणि भावाने पैशांसाठी मालकाला मारलं. दोघं शपथेवर नाही म्हणत राहिले. सांगितलेल्या जागी तळं शोधलं, हाती काही लागलं नाही. पहिल्या न्यायाधीशाने स्पष्ट सांगितलं की प्रेत मिळाल्याशिवाय खुनाचा खटला चालणार नाही. पण १६६१ च्या वसंतात दुसरे न्यायाधीश आले आणि त्यांनी खटला चालवला. एव्हाना जॉन कबुली फिरवून बसला होता. तेव्हा आपलं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं त्याचं म्हणणं. ते कोणी मनावर घेतलं नाही. ब्रॉडवे टेकडीवर तिघांनाही फाशी दिलं. आई चेटकीण आहे असा बोभाटा होता, म्हणून तिला आधी. ती मेली की मंत्र सुटेल आणि मुलं खरं बोलतील, ही आशा. मुलांनी काही कबूल केलं नाही.

१६६२ मध्ये हॅरिसन घरी आला. घोडेस्वारांनी पळवलं, जहाजावर घातलं, तुर्कांनी पकडून तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहराजवळ गुलाम म्हणून विकलं, मालक मेल्यावर लिस्बनमार्गे सुटलो, असं त्याने सांगितलं. सत्तरीच्या म्हाताऱ्याला गुलाम म्हणून कोण विकत घेईल, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. आणि जॉनने आपल्याच आईला आणि भावाला का गोवलं, याचा उलगडा आजवर झालेला नाही.

या प्रकरणाआधीचीही एक नोंद आहे. एडवर्ड कोक या न्यायाधीशाने वॉरिकशायरमधल्या एका काकाची हकीकत लिहून ठेवली. अनाथ पुतणी आणि तिची जमीन त्याच्या ताब्यात. एकदा तो मुलीला शिक्षा करत असताना 'काका, मला जिवे मारू नका हो' असं ओरडणं शेजाऱ्यांनी ऐकलं, आणि त्यानंतर मुलगी दिसेनाशी झाली. मुलगी हजर कर, असं कोर्टाने बजावलं. घाबरलेल्या काकाने तिच्यासारखी दिसणारी दुसरीच मुलगी कपडे घालून उभी केली. ती लबाडी पकडली गेली आणि तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. फाशी झाली. सोळा वर्षांची झाल्यावर खरी पुतणी जमीन मागायला आली. मार खाऊन शेजारच्या परगण्यात पळाली होती, एवढंच.

अशा हकीकती समोर ठेवून मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने लिहिलं की खून झाल्याचं सिद्ध झाल्याशिवाय, किंवा निदान प्रेत मिळाल्याशिवाय, मी कोणाला दोषी धरणार नाही. त्याचं हे लिखाण छापून आलं १७३६ मध्ये, तो वारल्यावर साठ वर्षांनी.

अडचण प्रेतापेक्षा कबुलीत होती. युरोपात १२१५ मध्ये चर्चने धर्मगुरूंना अग्निदिव्य, जलदिव्य अशा प्रकारांत भाग घ्यायला मनाई केली. देवाचा कौल गेला, तेव्हा खंडातल्या बऱ्याच कोर्टांनी माणसांकडून पुरावा मागायला सुरुवात केली: गंभीर गुन्ह्यात दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची कबुली. चोरून केलेल्या गुन्ह्याला दोन साक्षीदार कुठून आणणार? मग उरली कबुली, आणि ती काढायला छळ. नियम केला होता निरपराधांना जपायला, हे विसरू नये. पुढे छळाला कायद्याने बंदी आली, पण आरोपीच्या तोंडून वदवून घेतलं की तपास संपला, ही सवय राहिली.

१८१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बूर्न बंधूंचं तेच झालं. त्यांचा मेहुणा रसेल कॉल्विन सात वर्षं बेपत्ता. एका काकाच्या स्वप्नात त्याचं भूत आलं आणि तपास उकरला गेला, शब्दशः. काही हाडं सापडली, डॉक्टरांनी ती माणसाची ठरवली. मग पूर्वी कापून पुरलेला एका गावकऱ्याचा पाय बाहेर काढून शेजारी ठेवला, तेव्हा हाडं जनावराची निघाली. हाडं बाद झाली, कबुली राहिली. कबूल केलंत तर फासातून वाचाल, असं भावांना सांगितलं गेलं होतं. एकाला जन्मठेप, दुसऱ्याला २८ जानेवारी १८२० ही फाशीची तारीख मिळाली. वर्तमानपत्रात आलेल्या मजकुरामुळे कॉल्विन न्यू जर्सीत जिवंत सापडला आणि फाशीआधीच, १८१९ च्या डिसेंबरमध्ये, त्याला गावात आणून उभं केलं.

स्पेनमधल्या कुएंका प्रांतातलं प्रकरण मला सगळ्यांत बोचतं, कारण त्यात सरकारी कागद बोलतात. १९१० मध्ये होसे मारिया ग्रिमाल्दोस हा मेंढपाळ मेंढ्या विकून नाहीसा झाला. लेओन सांचेस आणि ग्रेगोरिओ वालेरो यांच्यावर आळ आला, पण १९११ मध्ये पुराव्याअभावी प्रकरण बंद झालं. १९१३ मध्ये नव्या न्यायाधीशाने ते पुन्हा उघडलं. दोघांचा छळ झाला. प्रेत कुठंय, या प्रश्नाला ते सुचेल ते उत्तर देत गेले. त्याच वर्षी न्यायाधीशाने ग्रिमाल्दोसच्या मृत्यूची दप्तरी नोंद करून घेतली. प्रेत मिळालेलं नाही, हे त्या नोंदीत होतं, आणि मारेकरी म्हणून या दोघांची नावंही होती. खटला उभा राहिला त्यानंतर पाच वर्षांनी, १९१८ मध्ये! अठरा वर्षांची शिक्षा झाली. १९२६ मध्ये दुसऱ्या गावच्या पाद्र्याचं पत्र आलं: ग्रिमाल्दोसला लग्न करायचंय, बाप्तिस्म्याचा दाखला पाठवा. गावच्या पाद्र्याने गोंधळून पत्र तसंच ठेवलं. दाखला येईना, म्हणून ग्रिमाल्दोस स्वतःच तो न्यायला आला.

ब्राझीलमधल्या नाव्हेस बंधूंना १९३७ मध्ये खुनाच्या आळावरून पकडलं. ज्युरीने त्यांना दोनदा निर्दोष ठरवलं. पण हुकूमशाही राजवटीत ज्युरीचा शब्द अखेरचा राहिला नव्हता. वरच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली. 'मयत' १९५२ मध्ये आईबापांच्या शेतावर सापडला. एक भाऊ १९४८ मध्येच वारला होता.

प्रेताशिवाय खटला नाहीच, असं मात्र धरून चालत नाही. लंडनच्या जॉन हेगची समजूत तीच होती. तो प्रेतं ॲसिडमध्ये विरघळवत असे. १९४९ मध्ये ॲसिडच्या गाळातून पित्ताशयातले खडे आणि प्लॅस्टिकची कवळी निघाली, दंतवैद्याने कवळी ओळखली, आणि हेग फासावर गेला. भारतातही प्रेत मिळणं अनिवार्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटलं. पोलिसांपुढची कबुली मात्र १८७२ च्या पुरावा कायद्याने इथे बाद ठरवली होती आणि नव्या कायद्यातही ती बादच आहे. त्यात एक फट आहे ती अशी की आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्यापुरतं बोलणं चालतं. आरोपीने 'काढून दिलेल्या' मुद्देमालाचे पंचनामे ज्यांनी वाचलेत, त्यांना ही फट किती रुंद आहे ते ठाऊक असेल.

प्रेत आहे, पण भलत्याचंच, हा त्याहून अवघड प्रकार. चीनच्या हुबेई प्रांतात १९९४ मध्ये पाण्यात सापडलेलं प्रेत बेपत्ता बायकोचं ठरवून नवऱ्याला आधी मृत्युदंड, मग पंधरा वर्षं कैद दिली गेली. बायको २००५ मध्ये परत आली. हेनान प्रांतात १९९९ मध्ये विहिरीत मुंडकं नसलेलं धड मिळालं. एका शेतकऱ्याने मार खाऊन खुनाची कबुली दिली. अकरा वर्षांनी, २०१० मध्ये, मेलेला शेजारी गावात परतला. त्यानंतर काही आठवड्यांतच छळाने मिळवलेली कबुली पुराव्यातून वगळण्याचे नियम चीनने जाहीर केले. शेतकरी सुटला, आणि विहिरीतलं धड नेमकं कोणाचं, हा तपास पोलिसांना पहिल्यापासून सुरू करावा लागला.