सदतीस टक्क्यांची अफवा

१९८०च्या दशकात संगणकांचे जाळे उभारायला निघालेल्या माणसाच्या कानावर एक आकडा हमखास पडायचा: ३७. ईथरनेट या संगणक जोडण्याच्या पद्धतीत केबल ३७ टक्क्यांहून जास्त भरता येत नाही, त्यापुढे पॅकेटांच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांच्या, टकरी इतक्या वाढतात की जाळे बसते, असे छातीठोकपणे सांगितले जाई. ज्यांनी खऱ्या केबलवर मोजमाप केले होते त्यांना मात्र ९५ टक्क्यांच्या पुढचे आकडे मिळाले होते, आणि ते १९८० सालीच छापूनही आले होते. मग ३७ चूक होता का? नाही. गणित बरोबर होते, फक्त ते दुसऱ्याच परिस्थितीचे होते.

ईथरनेटचा जन्म झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या या प्रायोगिक जाळ्यात सगळे संगणक एकाच केबलला जोडलेले होते आणि पाळी ठरवून देणारे मध्ये कोणी नव्हते. वेग होता सेकंदाला २९.४ लाख बिट. हा अडनिडा आकडा तिथल्या ऑल्टो संगणकांच्या अंतर्गत घड्याळावरून आला होता. नियम चारचौघांच्या गप्पांसारखे: कोणी बोलत असेल तर थांबायचे, आणि दोघांनी एकदम तोंड उघडले तर दोघांनीही गप्प बसून, कमीअधिक वेळ थांबून पुन्हा सुरुवात करायची.

त्याआधी अमेरिकेच्या हवाई बेटांवरील विद्यापीठाने उभारलेल्या अलोहा या रेडिओ जाळ्यात आधी कानोसा घेण्याची भानगड नव्हती. पॅकेट तयार झाले की पाठवून मोकळे. टक्कर झाली की पॅकेट अख्खे वाया. अशा पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो, आणि ठरलेल्या ठोक्यांवरच पाठवायचे असा नियम केला तर ३६.८ टक्के. हेच ते ३७. ईथरनेटलाही हा आकडा लागू पडतो, पण कधी? पॅकेट इतके चिमुकले असेल की ते पाठवायला लागणारा वेळ आणि केबलच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला संदेशाला लागणारा वेळ सारखाच भरेल, आणि शिवाय असंख्य संगणक सतत पाठवायला टपलेले असतील, तेव्हाच.

आता खरी केबल पाहू. जॉन शॉक आणि जॉन हप या संशोधकांनी ज्या जाळ्याचे मोजमाप केले त्यात सुमारे १२० संगणक होते आणि केबल साधारण ५५० मीटर लांब होती. एवढे अंतर विद्युत संदेश तीनेक मायक्रोसेकंदात कापतो. ५१२ बाइटचे पॅकेट पाठवायला मात्र १,४०० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे टक्कर होण्याचा धोका फक्त सुरुवातीच्या काही मायक्रोसेकंदांत. तेवढ्यात कोणी मध्ये आले नाही, तर बाकीचा रस्ता मोकळा. कृत्रिम वाहतूक ओतून जाळे गच्च भरल्यावर मोठ्या पॅकेटांसाठी केबलचा वापर ९५ टक्क्यांच्या वर गेला आणि मागणी क्षमतेपेक्षा जास्त झाली तरी जाळे कोलमडले नाही. पॅकेटे छोटी केली तसा आकडा उतरत गेला. तो उतरणारच होता.

मला मात्र त्यांची दुसरी मोजणी जास्त बोलकी वाटते, ती रोजच्या वापराची. सामायिक केबलचा एक फायदा असा की एखादा संगणक नुसता कान देऊन बसला तरी त्याला सगळी पॅकेटे ऐकू येतात. मोजणाऱ्याचा वाहतुकीवर भार पडत नाही. या कानोशातून कळले की दिवसभराची सरासरी काढली तर केबल एक टक्काही वापरात नव्हती. सर्वात गजबजलेला तास घेतला तर वापर चार टक्क्यांच्या आत, सर्वात गजबजलेले मिनिट घेतले तर सतराच्या आसपास, आणि सर्वात गजबजलेला सेकंद घेतला तर एक तृतीयांशाहून अधिक. केबल तीच, माणसे तीच, दिवसही तोच. ‘जाळे किती भरले आहे’ याला ‘किती वेळात’ हे जोडले नाही, तर उत्तर कसेही फिरवता येते.

बरे, ९५ टक्के हा आकडा तरी अभिमानाने मिरवावा का? केबलच्या मालकाने मिरवावा. वापरणाऱ्याला रांगेत किती थांबावे लागले, याबद्दल तो काहीच सांगत नाही. रांगांच्या गणिताचे साधेसे प्रारूप घेतले, ज्यात पॅकेटे स्वैर येतात आणि एकेकाला लागणारा वेळही स्वैर असतो, तर ५० टक्के भाराला एकूण वेळ दुप्पट होतो, ९० टक्क्यांना दहापट, ९९ टक्क्यांना शंभरपट. शेवटचे थोडे टक्के फार महाग पडतात.

शिवाय भरलेली वाहिनी म्हणजे झालेले काम नव्हे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे ४०० यार्डांचे. पॅकेट हरवले असे समजून संगणक तेच तेच पुन्हा पाठवत राहतात, त्याने कोंडी वाढते, आणि कोंडी वाढली की आणखी पॅकेटे हरवतात. व्हॅन जेकबसन यांनी यावरचे उपाय १९८८ साली मांडले. कोंडीची चाहूल लागताच पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्यायचा, ही त्यामागची कल्पना आजही वापरात आहे.

आजच्या वितरित प्रणालीत, म्हणजे एकच काम अनेक संगणकांत वाटून घेणाऱ्या व्यवस्थेत, एका विनंतीमागे शंभर सर्व्हर कामाला लागणे नवलाचे नाही, आणि तिथे सरासरी तर आणखी फसवी ठरते. समजा प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळतो. ऐकायला छान. पण शंभर जणांची उत्तरे आल्याशिवाय काम पुरे होत नसेल, तर त्यातला एक तरी रेंगाळण्याची शक्यता ६३ टक्के भरते. म्हणून जाणकार सरासरी बाजूला ठेवून आधी विचारतात, सर्वात मंद एक टक्का विनंत्यांना किती वेळ लागला?

हा प्रश्न विचारूनही फसायला होते, कारण खोट चाचणीच्या साधनातच असू शकते. भार टाकणारी पुष्कळ सॉफ्टवेअर एक विनंती पाठवतात, उत्तराची वाट पाहतात, मग पुढची पाठवतात. समजा सर्व्हर एका मिलिसेकंदात उत्तर देतो, सेकंदाला हजार विनंत्या येतात आणि शंभर सेकंदांच्या चाचणीत तो मध्येच दहा सेकंद गोठतो. वाट पाहणाऱ्या साधनाच्या वहीत ९० हजार झटपट उत्तरे आणि दहा सेकंदांचे एकच उत्तर नोंदले जाते. सरासरी सुमारे १.१ मिलिसेकंद. प्रत्यक्षात त्या दहा सेकंदांत दहा हजार विनंत्या दारात ताटकळल्या असत्या, एकेक सरासरी पाच सेकंद, आणि खरी सरासरी निघाली असती अर्धा सेकंद. फरक साडेचारशे पटींचा. उपाय साधा आहे: विनंत्या घड्याळाच्या ठोक्यावर सोडायच्या, आधीचे उत्तर आलेले असो वा नसो, आणि वेळ मोजायचा तो विनंती जेव्हा निघायला हवी होती त्या क्षणापासून.