‘ठ’च्या पोटातली टिकली
घरी मराठी अक्षरांचं स्टेन्सिल कापणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दारावरच्या पाटीसाठी, कापडी पिशवीसाठी मराठी अक्षरांचं स्टेन्सिल आहे का, असं दुकानात सारखं विचारलं जातं. आमच्याकडे तयार असतात ती बहुतेक इंग्रजी अक्षरांची. म्हणून आम्ही सांगतो, घरीच कापा. फक्त आपल्या अक्षरांच्या खोडी आधी ओळखून घ्या.

‘ठ’ कापायला घेतलात की आतली टिकली निखळून पडते आणि छापात नुसता गोळा उमटतो. टिकली धरून ठेवायला मध्ये न कापलेली चिंचोळी पट्टी सोडावी लागते. आम्ही तिला पूल म्हणतो. एका पुलावर टिकली हलते, म्हणून समोरासमोर दोन ठेवा, निदान 2 मिलिमीटर रुंद. ‘ब’च्या पोटात तिरक्या रेघेमुळे दोन तुकडे होतात, दोघांनाही पूल हवेत. (रांगोळीच्या छाप्यात ही अडचण येत नाही, कारण तिथे सगळी नक्षी सुट्या भोकांचीच असते. जपानी कातागामी स्टेन्सिलांत नाजूक भाग जागेवर राहावेत म्हणून रेशमाचे धागे लावत.)

सगळ्यात जास्त कस लागतो तो शिरोरेषेत. ती सलग कापली तर शब्दभर एकच लांब फट होते, अक्षरांमधल्या पट्ट्या जिभेसारख्या उचलल्या जातात आणि खाली रंग शिरतो. म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषा थोडी तोडा. अक्षराच्या डोक्यावर मात्र तोडू नका. तिथे तोडलीत की ‘म’ हा ‘भ’सारखा दिसतो आणि ‘घर’ लोक ‘धर’ वाचतात. ‘म’चा पूल मधली आडवी रेघ उजव्या काण्याला मिळते तिथे ठेवा. छाप वाळल्यावर पुलांच्या फटी बारीक कुंचल्याने भरता येतात. आम्हाला विचाराल तर त्या तशाच राहू द्या, छान दिसतात.

कापायला ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद, उत्तम: खाली ठेवलेलं अक्षर आरपार दिसतं आणि शीट धुऊन पुन्हा वापरता येते. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा पाच-सहा छापांत ओला होऊन फुगतो, पण सरावाला चांगला. आधी पोटातले बारीक तुकडे कापा, बाहेरची रेघ शेवटी. उलट केलंत तर शीट ढिली पडते. वळणावर हात न वळवता शीट फिरवा. पातं बोथट झालं की लगेच तोडून नवं काढा, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोरातच ते निसटतं. मुलांना रंग लावू द्या, कटर तुमच्याच हातात ठेवा.

कोरं सुती कापड आधी धुऊन खळ काढा. पिशवीच्या आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर रंग मागच्या बाजूला उतरतो. फॅब्रिक कलरमध्ये पाणी घालू नका. स्पंजला रंग लावून तो आधी वर्तमानपत्रावर टिपा, जवळजवळ कोरडा वाटेपर्यंत. मग सरळ वरून थोपटा, घासू नका. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले. कड फुटली तर बहुतेक वेळा रंगच जास्त झालेला असतो. इस्त्री आणि पहिली धुलाई कधी करायची, ते डबीवर लिहिलेलं असतं. तेवढा धीर धरा.

स्टेन्सिलऐवजी लिनोवर (ठसा कोरायच्या मऊ लादीवर) कोरणार असाल तर अक्षरं उलटी काढायला विसरू नका. स्टेन्सिलमध्ये ती सुलटीच राहतात.

पूल कुठे ठेवायचा हे सुचत नसेल तर कापण्याआधी कागदावर काढलेलं अक्षर दुकानात घेऊन या. आपण मिळून पेन्सिलीने खुणा करू.