सहा कामट्यांची काठी आणि लेनर्डच्या कारखान्यातले कारागीर

अमेरिकेतल्या जुन्या बांबूच्या फिशिंग रॉडवर लेनर्ड, पेन, टॉमस, एडवर्ड्स ही नावे दिसतात. ती चार निरनिराळी घराणी वाटली, तरी चारही एकाच कारखान्यातून निघालेली आहेत.

चिरलेल्या बांबूची काठी हायरम लेनर्डच्या आधीची. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप या बंदुका बनवणाऱ्या कारागिराने कामट्या चिकटवून गळाची काठी केली होती. मेन राज्यातल्या बँगोरचे लेनर्ड १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला या धंद्यात उतरले. सहा कामट्यांची षट्कोनी काठी त्यांच्या कारखान्याने रूढ केली. कामट्या कोनात कापायचे यंत्रही त्यांनी तयार केले आणि ते बाहेरच्यांच्या नजरेपासून जपून ठेवले. १८८१ मध्ये कारखाना न्यू यॉर्क राज्यातल्या सेंट्रल व्हॅलीला आला.

यंत्र आले तरी काम हाताचेच राहिले. बांबूची ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते, आतला भाग मऊ. हे कोणत्याही बुरुडाला ठाऊक असते. म्हणून कामटीचा छेद ६० अंशांचा त्रिकोण, आणि साल नेहमी बाहेर. रंधा आतल्या दोन बाजूंवरच चालवायचा. साल सपाट करायला म्हणून रंधा मारला, की सगळ्यात चिवट धागे भुशात जातात. गाठी ऊब देऊन दाबून सरळ करतात, आणि जोडताना शेजारच्या कामट्यांच्या गाठी मागेपुढे सरकवतात. त्या एका रेषेत आल्या तर काठी नेमकी तिथे मोडते.

शेंड्याचे काम सर्वांत कठीण. तिथे अख्खी काठी जेमतेम १.६ मिलिमीटर जाड, म्हणजे एकेक कामटी ०.८ मिलिमीटर. प्रत्येक कामटी ०.०२५ मिलिमीटरने जाड राहिली, तर काठी ०.०५ ने जाड होते. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढत असल्याने तेवढ्यानेच शेंडा सुमारे १३ टक्के जास्त ताठ होतो. फेकताना दोरी कुठे पडणार, ते इथे ठरते.

चिकटवायला त्या काळी सरस. सहाही कामट्या गोळा करून दोऱ्याने आवळायच्या, आणि दोरा दोन्ही दिशांनी फिरवायचा. एकाच दिशेने आवळला तर काठीला पीळ पडतो. सरस ओल धरतो आणि कामट्या सुटू लागतात. म्हणूनच जुन्या काठ्यांवर थोड्याथोड्या अंतरावर रेशमाचे वेढे दिसतात; नक्षी वाटले तरी ते आधाराचे होते. काठीचे भाग जिथे एकमेकांत बसतात, त्या जोडाला जर्मन सिल्व्हरची (तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूची) नळी बसते. ती चढवण्यापुरते सहा कोन गोल करायचे असतात. तिथे कारागिराचा हात जड पडला, की बाहेरचे धागे तुटतात आणि काठी नळीच्या तोंडाशी मोडते.

सुरुवातीचा बांबू आपल्याकडून, कलकत्त्याहून जाई. व्यापारात त्याचे नावच कलकत्ता केन होते, आणि त्याच्या सालीवर अनेकदा भाजल्याचे डाग असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगच्या टॉन्किन बांबूने त्याला मागे टाकले. त्याची पेरे लांब, भिंत जाड आणि धागे दाट.

दरम्यान १८९० च्या सुमारास लेनर्डचे कसलेले कारागीर बाहेर पडू लागले. एडवर्ड पेन, फ्रेड टॉमस आणि यूस्टिस एडवर्ड्स आधी एकत्र आले आणि कॉस्मिक नावाने रॉड काढू लागले. नंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टॉमस बँगोरला परतला, तर पेनचे काम सेंट्रल व्हॅलीजवळच्या हायलंड मिल्सला सुरू राहिले आणि पुढे मुलगा जिम याने ते चालवले. माझ्या मते लेनर्डची खरी मिळकत यंत्र नव्हती, ही माणसे होती. कुलूप यंत्राला लावता आले. कोणती कामटी शेंड्याला घ्यायची आणि कोणती बुडख्याला, हे या माणसांना कळत होते, आणि ते त्यांच्याबरोबरच गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आले. ते साच्यावर गुंडाळून भट्टीत पक्के करता येते, गाठी नाहीत, सरस नाही. त्यातच डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टॉन्किनची आवक थांबली. ज्यांच्याकडे साठा होता, ते काही वर्षे तग धरून राहिले. बाकीच्या कारखान्यांनी बांबूचे काम सोडले, आणि हे कसब छोट्या कार्यशाळांत गेले, जिथे कापण्यापासून वार्निशपर्यंत सगळे एकच माणूस करतो.